सात नंबरचा रकाना

सोलापूरच्या मार्केट यार्डात मी आजवर एक किलो कांदा विकलेला नाही. तरी गेली दहा वर्षं तिथल्या काही आडत दुकानांतून शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी माझ्या कोडमधून निघते. वर नाव-गाव, मध्ये पिशव्या, वजन, भाव, त्याखाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल, आणि तळाला हाती येणारी रक्कम. एवढासा कागद. दोन रविवारांचं काम, असं मला वाटलं होतं.

सुरुवात २०१५ ची. तोलाराशेजारी उभ्या पोराच्या हातात फोन, दुकानात दिवाणजींसमोर कॉम्प्युटर, आणि गावाकडे शेतकऱ्याच्या घरी आणखी एक फोन. या तिघांनी एकच नोंद बघायची. जिओ अजून यायचं होतं. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्या लागल्या की यार्डातलं नेटवर्क मान टाकायचं. त्यामुळे नोंद जितकी लहान तितकी ती पोचायची शक्यता जास्त, हा आमचा पहिला आणि बराच काळ एकमेव विचार होता.

नोंदीची बाइटांची रांग करून पाठवायची आणि पलीकडे त्या रांगेतून नोंद पुन्हा उभी करायची, याला आमच्या धंद्यात सिरियलायझेशन म्हणतात. हे बांधा-सोडायचं काम हातानं लिहिता येतं, पण मग फोनचा कोड एक समजतो आणि दुकानातला दुसरंच. म्हणून नोंदीचा साचा, म्हणजे स्कीमा, एका फाईलमध्ये लिहायचा आणि सगळ्या टोकांचा कोड त्या साच्यावरून यंत्राकडून काढून घ्यायचा. कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८७ मध्ये एक्सडीआर नावाचं असं प्रमाण छापलं होतं. गुगलनं प्रोटोकॉल बफर्स २००१ पासून घरात वापरलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. मी ते घेतलं. पुढे जे शिकलो त्यातलं निम्मं त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलंच होतं. वाचलं होतं, पण अंगावर आल्याशिवाय कळलं नाही.

१. साचा खुर्चीत बसून लिहू नये

माझ्या पहिल्या साच्यात एका पट्टीला एक वजन आणि एक भाव होता. दुकानातून आणलेल्या चार जुन्या पट्ट्या बघून लिहिलेला. नेमक्या त्या चारही छोट्या शेतकऱ्यांच्या होत्या.

पहिल्याच सकाळी अक्कलकोटकडची एक गाडी उतरली आणि दिवाणजींनी विचारलं, "गोल्टी कुठं लिहू?" एका गाडीतला कांदा निवडून आलेला असतो. मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी, जोड कांदा आणखी वेगळा. प्रत्येकाचं वक्कल, म्हणजे लॉट, निराळं लागतं, प्रत्येकाला भाव निराळा निघतो. पट्टी एक, वक्कलं चार. माझ्या साच्यात चौघांना जागा नव्हती. दिवाणजींनी तोड काढली: चार पट्ट्या फाडल्या. मग गाडीभाडं चारही पट्ट्यांवर कापलं गेलं.

त्यानंतर आठवडाभर मी पहाटे यार्डात जाऊन उभा राहिलो. "काय बे, कॉम्प्युटरवाला हितं काय करलालास?" असं हमाल विचारायचे. वक्कल हा वेगळा साचा आणि पट्टीत अशी कितीही वक्कलं, हे त्या आठवड्यात ठरलं आणि आजही तसंच आहे. त्यावरचा कोड तर यंत्रानं एका सेकंदात काढला.

२. जेसनला उगाच शिव्या देऊ नयेत

जेसन म्हणजे नोंद साध्या मजकुरात, रकान्यांच्या नावांसकट लिहायची पद्धत. वाचायला सोपं, ब्राउझरला ते घरचं, चूक सापडायला बरं. दहा नोंदींच्या ॲपला स्कीमा, जनरेटर वगैरे लवाजमा लावणाऱ्याला मी आज थांबवतो. आमचं कारण वेगळं होतं आणि त्यात माझी हौसही मिसळलेली होती.

हौस अशी, की प्रोटोकॉल बफर्सच्या आधी जेसनमधल्या रकान्यांची नावं मी मराठीत ठेवली होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. "सोलापूर" या शब्दात अशा सात खुणा, म्हणजे २१ बाइट. "शेतकऱ्याचे_नाव" हा रकाना ४० बाइटांचा, आणि हे फक्त नाव, त्यात नाव कुणाचं ते यायचंच आहे. त्यावर कडी म्हणजे सर्व्हरवरचं पीएचपी सांगितल्याशिवाय देवनागरी जशीच्या तशी ठेवत नाही. प्रत्येक खुणेची सहा अक्षरी रोमन सांकेतिक खूण करतं. सोलापूर ४२ बाइटांचं होतं. हे दर नोंदीत, दर रकान्याला.

जीझिप लावलं की यातलं बरंच आटतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुन्हापुन्हा येणारी नावं दाबण्यात जीझिप पटाईत. पण आमचा फोन एकेक नोंद सुटी पाठवायचा आणि एकट्या नोंदीत दाबायला फारसं काही नसतं.

प्रोटोकॉल बफर्समध्ये रकान्याचं नाव प्रवासाला निघतच नाही. जातो फक्त त्याचा नंबर. समजा वजन हा तीन नंबरचा रकाना आणि वजन ५१२ किलो. आधी एक बाइट: तीन गुणिले आठ, म्हणजे २४. आठनं गुणायचं कारण खालच्या तीन बिटांत "पुढे कुठल्या जातीची माहिती आहे" ते सांगतात, आणि साध्या आकड्याची जात शून्य. मग ५१२. इथे प्रत्येक बाइटात सात बिटं मालाची आणि आठवं बिट "अजून आहे, थांबू नका" असं सांगणारं. ५१२ म्हणजे १२८ च्या चार पटी आणि बाकी शून्य. म्हणून पहिला बाइट शून्याचा, त्यावर "अजून आहे"ची खूण, झाला १२८. दुसरा बाइट ४. सगळं मिळून २४, १२८, ४. तीन बाइट. जेसनमध्ये मराठी "वजन" लिहून हेच पाठवलं तर अवतरणं, कोलन आणि स्वल्पविराम धरून १६ लागतात.

मजकुराला मात्र हा डाव लागू पडत नाही. गावाचं नाव साच्यातून पाठवलं तरी सोलापूर २१ बाइटांचंच राहतं. मग आम्ही गावांची यादी केली आणि गावाऐवजी यादीतला क्रमांक पाठवू लागलो. ही युक्ती कुठल्याही जनरेटरनं सुचवली नसती.

३. साचा वाचणारं यंत्र गिऱ्हाइकाच्या फोनात ठेवू नये

प्रोटोकॉल बफर्स ब्राउझरात वापरायच्या दोन तऱ्हा. एक, साच्याची फाईल आणि ती वाचणारी अख्खी लायब्ररी फोनवर पाठवायची. ती तिथे साचा वाचते आणि तिथल्या तिथे कोड रचून चालवते. दुसरी, आपल्या मशिनवर आधीच कोड काढून ठेवायचा आणि फोनवर फक्त तो निघालेला कोड जातो.

मी पहिली निवडली, कारण साचा बदलला की नवी फाईल टाकली की झालं. दोन वर्षं बरं चाललं. मग सुरक्षेचा विचार करून मी सर्व्हरवर ब्राउझरसाठी एक नियम लावला: मजकुराचा कोड करून चालवू द्यायचा नाही. चांगलाच नियम आहे, सगळ्यांनी लावावा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही फोनवर एकही पट्टी उघडेना. मीच लावलेल्या नियमानं माझीच लायब्ररी अडवली होती. ती जे करत होती ते हेच होतं, मजकूर रचून कोड म्हणून चालवणं.

त्यानंतर दुसरी तऱ्हा. मॅपबॉक्स या नकाशावाल्या कंपनीची पीबीएफ नावाची चिमुकली लायब्ररी आहे, दाबून जेमतेम तीन केबी. फोनवरच्या नकाशाचे तुकडे याच पद्धतीनं येतात, म्हणून त्यांना ती लागली. ती साच्यावरून दर नोंदीची दोन फंक्शन्स काढून देते, एक लिहिणारं आणि एक वाचणारं. निघालेली फाईल मी एकदा शांतपणे वाचली. एक नंबर आला तर हे वाचा, दोन आला तर ते, तीन आला तर वजन. हुशारी कुठेच नाही. वाचून फार बरं वाटलं.

४. गेलेल्या रकान्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नये

हे मोठ्यानं आणि सविस्तर सांगतो, कारण यात माझ्यावर एक माणूस भर दुकानात ओरडला आणि त्याचं बरोबर होतं.

पहिल्या साच्यात सात नंबरचा रकाना होता "आडत". तेव्हा आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये सरकारनं कांदा-बटाट्यासह फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा बदल केला. आडतदार नाराज, व्यापारी नाराज, बंद झाले, बैठका झाल्या. मला मात्र काम सोपं वाटलं: पट्टीतून एक ओळ काढायची. काढली. त्याच सुमारास दुकानदारांनी वाराई नावाची कपात वेगळी दाखवायला सांगितली. साच्यात सात नंबर मोकळा दिसत होता. आडतही पैशांत, वाराईही पैशांत. मी वाराईला सात दिला. कोड काढला. चढवला. घरी जाऊन जेवलो.

जुने फोन लगेच नवा कोड घेत नाहीत. ॲप एकदा फोनात साठलं की नेट चांगलं मिळेपर्यंत जुनाच कोड चालत राहतो, आणि गावाकडे नेट चांगलं कधी मिळणार? त्यामुळे दुकानातून नवी पट्टी निघाली, सात नंबरात वाराईचे ८६ रुपये घेऊन. शेतकऱ्याच्या फोनातल्या जुन्या कोडला सात नंबर म्हणजे आडतच माहीत. त्यानं छापलं: आडत ८६ रुपये.

तो गृहस्थ तिसऱ्या दिवशी दुकानात आला. "सरकारनं बंद केली ना आडत? पेपरात आलंय. आन् तुम्ही मोबाइलवरच कापता होय?" मालकांनी कागदी पट्टी काढून दाखवली, त्यावर वाराई. फोनवर आडत. दोन्ही एकाच दुकानाच्या. कागदावरचं खोटं की फोनवरचं, हे त्यानं कसं ठरवायचं? त्यानं आपल्या अनुभवावरून ठरवलं. मालक माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे.

नुकसान तिथेच थांबलं नाही. जुन्या पट्ट्या आम्ही बाइटांच्या रांगा म्हणूनच साठवलेल्या होत्या. कुणाला कर्जाच्या कामासाठी आधीच्या वर्षाच्या पट्टीची नक्कल हवी झाली की नवा कोड ती रांग वाचायचा आणि सात नंबरातली जुनी आडत वाराई म्हणून छापायचा. एका पट्टीवर वाराई ४१२ रुपये आली तेव्हा दिवाणजी म्हणाले, "इतकी वाराई घेणारा अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही." त्यांना आकड्यावरून वास आला. यंत्राला येणार नव्हता, कारण त्याच्या दृष्टीनं सात नंबरात एक आकडा होता आणि तो आकड्यासारखा आकडा होता.

नवा रकाना नव्या नंबरानं दिला असता तर काहीच झालं नसतं. अनोळखी नंबर दिसला की निघालेला कोड त्याची जात बघून तेवढे बाइट ओलांडतो आणि पुढे जातो. जुन्या फोनवर वाराई दिसली नसती इतकंच. या सोयीसाठी तर नंबर असतात, आणि मी नेमका नंबरच दुसऱ्याच्या नावावर केला. साच्यात अशा गेलेल्या नंबरांवर "राखीव" असा शिक्का मारता येतो. मग कुणी तो वापरायला गेलं तर कोडच निघत नाही. आमच्या साच्यात आज सात राखीव आहे, शेजारी २०१६ असं लिहून ठेवलं आहे. आम्ही आणखी एक सवय लावून घेतली. दर हंगामातल्या थोड्या खऱ्या पट्ट्या, नावं पुसून, बाइटांसकट बाजूला ठेवतो. साचा बदलला की आधी त्या सगळ्या वाचून बघायच्या. गेलेला रकाना सोडला तर २०१५ ची पट्टी आजच्या कोडमधून जशीच्या तशी निघाली पाहिजे, पैशापर्यंत.

५. पहिले पंधरा नंबर जपून वाटावेत

एक ते पंधरा नंबरांच्या रकान्यांची खूण एका बाइटात बसते, सोळापासून दोन लागतात. मी पहिल्या पंधरांत "शेरा", "फॅक्स नंबर" असले रकाने घालून बसलो होतो. फॅक्स. यार्डात.

६. शेतकऱ्याची रक्कम वजा होऊ शकते

निव्वळ रकमेचा रकाना मी बिनचिन्हाचा घेतला होता, म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठा. मालाचे पैसे आहेत, वजा कसे होतील? अशी समजूत मार्केटमध्ये एक मंदी बघितलेला माणूस करून घेणार नाही.

भाव पडला त्या आठवड्यात एका शेतकऱ्याचा सगळा कांदा गोल्टीच निघाला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता त्याच्याकडूनच साडेसदतीस रुपये येणं निघालं. म्हणजे वजा ३७५० पैसे. बिनचिन्हाच्या ३२ बिटांच्या रकान्यात वजा आकडा टाकला की तो मागून फिरून वर येतो: ४२९४९६७२९६ मधून ३७५० गेले. शेतकऱ्याच्या फोनवर पट्टी गेली, निव्वळ रक्कम ४,२९,४९,६३५ रुपये ४६ पैसे.

त्यानं फोन केला तो भांडायला नव्हे. हसत होता. "अण्णा, चेक कधी नेऊ?" मालकही हसले. माझ्याशी बोलताना हसले नाहीत.

चिन्हाचा साधा पूर्णांक घेतला तर आकडा बरोबर जातो, पण या पद्धतीत वजा आकडा दरवेळी दहा बाइट खातो, मग तो वजा एक का असेना. त्यावर उपाय साच्यातच आहे, झिगझॅग म्हणतात: शून्याला शून्य, वजा एकला एक, अधिक एकला दोन, वजा दोनला तीन, अशी आलटून पालटून मोजणी. वजा ३७५० तिथे ७४९९ होतो आणि दोन बाइटांत बसतो. साच्यात एक शब्द वेगळा, आणि रकान्याला नवा नंबर. पण त्या आधी कुणीतरी सांगायला हवं, की शेतकरी माल घालून वर पदरचे पैसे देतो.

७. शून्य आणि "अजून ठरलं नाही" यांत फरक ठेवावा

२०१७ मध्ये आम्ही प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेलो. तिच्यात रकान्याची किंमत शून्य असेल तर तो पाठवतच नाहीत, वाचणाऱ्यानं न आलेला रकाना शून्य समजायचा. जागा वाचते. पण लिलावाआधी वक्कलाला भाव नसतो आणि गिऱ्हाईक न मिळालेल्या वक्कलालाही नसतो. पाठवलेल्या रांगेत दोन्ही सारखेच, म्हणजे काहीच नाही. सकाळी गाडी उतरल्या उतरल्या शेतकऱ्याच्या फोनवर झळकायचं: भाव ० रुपये. गावाकडे घरातल्यांनी ते वाचलं की काय होत असेल, याची कल्पना करा.

आता वक्कलाच्या अवस्थेचा स्वतंत्र रकाना आहे. लिलाव बाकी, भाव लागला, विकला नाही. आणि या यादीत शून्य नंबर कुठल्याच खऱ्या अवस्थेला दिलेला नाही. शून्य म्हणजे "माहीत नाही". २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत "ऐच्छिक" रकाना परत आणला गेला, तेव्हा आला-न आला हे वेगळं ओळखता येऊ लागलं. म्हणजे ही अडचण फक्त कांद्याची नव्हती.

८. मोठा आकडा हा आकडा नसतो, नाव असतं

पट्टी क्रमांक मी तारीख, वेळ आणि अनुक्रम जोडून करायचो. १४ डिसेंबर २०१९ ला सकाळी साडेसहाची सातवी पट्टी: २०१९१२१४०६३०१२००७. सतरा अंक. साच्यात ६४ बिटांचा रकाना, सर्व्हरवर सगळं चोख. पण ब्राउझरातली जावास्क्रिप्ट आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक धरते. त्यापुढे, आमच्या क्रमांकांच्या पट्ट्यात, तिला चार-चारच्या उड्या मारत जावं लागतं. सात नंबरची पट्टी पडद्यावर शेवटी ००८ होऊन आली. नऊ नंबरचीही ००८. मधली खरी ००८ तर होतीच. तीन शेतकरी, एक नंबर.

क्रमांकावर बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. तो आकड्यांत लिहिलेलं नाव आहे, म्हणून तो मजकूर म्हणून ठेवला. संपलं.

९. "ऱ" दोन प्रकारे लिहिता येतो

हे दुखणं आपल्या भाषेतही आहे. "शेतकऱ्या"तला ऱ युनिकोडमध्ये एका खुणेनं लिहिता येतो, आणि र खाली नुक्ता देऊन दोन खुणांनीही. डोळ्याला अगदी एक, बाइट वेगळे. एका कीबोर्डनं एक लिहिला, दुसऱ्यानं दुसरा, आणि खात्यात एकाच माणसाची दोन नावं झाली. उचल एका खात्यावर, माल दुसऱ्यावर. साचा याबद्दल मुका असतो. मजकूर रांगेत घालण्याआधी एकाच रूपात आणायचा, हे आपण करायचं. मी बघितलेल्या परदेशातल्या उदाहरणांत मला हे सापडलं नाही.

१०. निघालेल्या कोडला हात लावू नये

आमचे अप्पा पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागाचे पत्ते पंच करायचे. चौकटीच्या कागदावर नक्षीचा आलेख काढलेला असतो. त्यातल्या एकेका ओळीवरून एकेक पत्ता. जिथे भोक तिथला हूक वर जातो आणि ताण्याचा धागा उचलला जातो, खालून बाणा निघतो. हजारो पत्ते दोरीनं ओवून एक चादर. फ्रान्समधल्या ल्याँच्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास ही जोडणी केली आणि सोलापुरात तिनं कित्येक पिढ्यांची पोटं भरली.

एका हंगामात पैशांची गोळाबेरीज चुकत होती. रात्री अकराला दुकानातून फोन. साच्यात बदल करून सगळं पुन्हा काढायचा कंटाळा केला आणि निघालेल्या फाईलमध्येच दोन ओळी बदलल्या. चाललं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कारणासाठी साचा बदलला, कोड नव्यानं काढला, आणि माझ्या दोन ओळी पुसल्या गेल्या. जुनी चूक परत. या वेळी ती चार दिवस कुणाच्या लक्षातच आली नाही.

घरी बडबडत होतो, अप्पा ऐकत होते. म्हणाले, चुकीचं भोक पडलं तर आम्हीपण कागद चिकटवून बुजवायचो, घाईत चालतं. पण आलेखात दुरुस्ती केली नाही, तर पुढचा पत्त्यांचा संच त्याच भोकासकट निघतो. मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "आलेखावर खूण केलीस का?"

केली नव्हती. दुसऱ्या दिवशी केली. आता निघालेल्या फाईल आम्ही साठवतच नाही, दरवेळी साच्यावरून ताज्या निघतात. म्हणजे हात लावायला काही उरतच नाही.

११. रक्कम पैशांत ठेवावी, रुपयांत नाही

नियम म्हणून हे सगळे सांगतात: दशांश अपूर्णांक नको, पूर्ण पैसे मोजा. मीही पहिल्या दिवसापासून तसंच केलं होतं आणि त्यापायी कधी चूक झाली नाही, म्हणून सांगण्यासारखं काही नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी आली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वगैरे ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले. उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. चेक मिळाला दोन रुपयांचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. ती पट्टी आमच्या ॲपमधली नव्हती, पण त्या दिवशी यार्डात सगळे फोन काढून आपापल्या पट्ट्या बघत होते.

रात्री मी ते आकडे आमच्या साच्यात भरून बघितले. पट्टी नीट निघाली, पैशासकट. मग सवयीनं बाइट मोजले, रकान्यांच्या खुणा सोडून नुसत्या आकड्यांचे. वजन ५१२ किलो, दोन बाइट. कपात ५०९५१ पैसे, तीन बाइट. शेतकऱ्याच्या हाती २४९ पैसे, दोन बाइट.